लेकीच्या चालीने

आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३मध्ये एकट्या सायकलवरून भारतात आल्या. पुढे लेक झाली, तरी पायाची भिंगरी थांबली नाही. लेक पाच वर्षांची असताना कोडगू, सहाव्या वर्षी ऐन हिवाळ्यात तिला तट्टावर बसवून बाल्टिस्तान, नवव्या वर्षी खेचरासह पेरूचा अँडीज. तिन्ही प्रवासांची पुस्तकं झाली. मुलाखतींत त्या सांगत, सोबत मूल असलं की परक्या गावातल्या लोकांना आपला त्यांच्यावरचा विश्वास दिसतो. मग घरांची दारं उघडतात. मूल रेंगाळतं, दमतं, प्रश्न विचारतं. लिहिणाऱ्याला थांबून नीट पाहावंच लागतं. म्हणून ‘मुलं मोठी झाली की जाऊ’ म्हणणाऱ्या आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आत्ताच निघा, आणि रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा.