पेनड्राइव्ह, १ नग

आपल्या कोटेशनमध्ये अगदी तळाला एक ओळ असते : ‘पेनड्राइव्ह, १ नग’. अल्बमच्या कागदावरून घासाघीस होते, ड्रोनवरून होते, एलईडी वॉलवरून तर रुसवेफुगवे होतात. या ओळीवर मात्र गिऱ्हाईक कधी बोलत नाही आणि आपणही नाही.

गणपतीच्या सुमारास एक बाई दुकानात आल्या. २०१५ साली त्यांचं लग्न मीच शूट केलं होतं. पर्समधून त्यांनी मखमली डबी काढली, माझ्याच स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेली. म्हणाल्या, “लावला की फॉरमॅट करा म्हणतोय हो. यात बाबा आहेत.” वडील मधल्या काळात गेले होते. फोटो अल्बममध्ये होतेच. त्यांना हवा होता आवाज. मंगलाष्टकांच्या आधी बाबांनी माइक हातात घेऊन पाहुण्यांना जेवल्याशिवाय न जाण्याचा दम भरला होता, तो. पेनड्राइव्ह काही उघडला नाही. मी कपाटातून माझी डिस्क काढली. तिच्यावर मार्करने ‘१५ – मे ते डिसें.’ लिहिलेलं होतं. केबल लावली, तर ती नुसती टक्-टक् करत राहिली. रिकव्हरीवाल्याने पुढे बरेचसे फोटो काढून दिले. व्हिडिओ नाही मिळाला.

दोन प्रती आहेत, असं मी दहा वर्षं समजत होतो. त्या दहा वर्षांत दोन्हींपैकी एकही उघडून पाहिली नव्हती.

पेनड्राइव्हमधली माहिती म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. तो हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त गळतो. एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं मानक आहे : लिहून-लिहून आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज बंद असताना ३० अंशांवर एक वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते. पण अकोल्याच्या मे महिन्यात गोदरेजच्या कपाटात ३० अंश कुठले? शिवाय हे मानक एसएसडीचं. चार-पाचशे रुपयांच्या पेनड्राइव्हमध्ये कोणत्या प्रतीची चिप आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पेनड्राइव्ह म्हणजे पाकीट : माल पोचवायला ठीक, पण कोणी पाकिटात दागिने ठेवत नाही. आधीची डीव्हीडीही फार वेगळी नव्हती. आपण बर्न करायचो त्या डिस्कमधला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने उतरतो, आणि आता ती घालायला लॅपटॉपला खाचही नसते.

मग द्यायचं काय? माझं मत सरळ आहे : साधी फिरती हार्ड डिस्क, आणि तीही दोन. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या हजारो डिस्कचा हिशेब २०१३पासून प्रसिद्ध करते. अलीकडच्या आकड्यांनुसार वर्षाला शंभरातल्या दीडेक डिस्क जातात, आणि तेही एसीच्या खोलीत. आपली डिस्क त्या दीडात आहे की उरलेल्यांत, हे कोणी सांगू शकत नाही. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नका. एका घाण्यातला माल बिघडतोही एकदमच. एसएमआर डिस्क नॅससाठी वाईट, हे अशा डिस्क न सांगता विकल्याच्या २०२०च्या गदारोळानंतर सगळ्यांना कळलं. पण एकदा भरून ठेवून द्यायच्या प्रतीला ती चालते, उगाच घाबरू नका.

आणि ‘आमच्याकडे रेड आहे, बॅकअप कशाला’ म्हणणाऱ्यांना हात जोडतो. रेडमध्ये एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, एवढंच. चुकून फोल्डर डिलीट केला, तर तो सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जातो.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१चा नियम पीटर क्रोग यांनी रूढ केला. ते आपल्यातलेच, व्यवसायाने फोटोग्राफर. आपल्याकडे ‘दुसरी जागा’ शोधावीही लागत नाही : एक प्रत सासरी, एक माहेरी. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाडमध्ये तळमजल्यावरचे संसार पाण्यात गेले. एकाच कपाटातल्या दोन प्रती तिथे एकाच प्रतीसारख्या. तिसरी प्रत म्हणून निवडक दोन-तीनशे फोटो क्लाउडवर टाकून द्या. सगळं फुटेज तिथे नेऊ नका. १०० एमबीपीएसचं फोरके तासाला ४५ जीबी खातं, आणि गुगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१लाच संपली.

कॉपी मारली म्हणजे काम झालं नाही. टेराकॉपीसारख्या साधनाने चेकसम जुळवून पाहा, मगच कार्ड पुसा. डिस्क सुपूर्द करताना गिऱ्हाइकासमोर लावा, एक व्हिडिओ मधूनच चालवून दाखवा आणि सांगा की दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ही टीव्हीला लावून बघायची. तेवढीच तिची तपासणी होते.

खर्चाचं म्हणाल तर दोन डिस्क मिळून साधारण ड्रोनच्या एका दिवसाच्या बिलाएवढ्या. तो खर्च आपण सोसू नये, गिऱ्हाइकाला कारण सांगून लावावा. बहुतेक जण देतात.

तुळशीची लग्नं तोंडावर आली आहेत. त्याआधी कोटेशनची फाइल उघडा, ‘पेनड्राइव्ह, १ नग’ खोडा आणि ‘हार्ड डिस्क, २ नग’ लिहा. मी लिहिलं आहे.