उमेदवार न देणारी संघटना

अमेरिकेच्या कृषी खात्याने १८६६ मध्ये ऑलिव्हर केली या कारकुनास यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दक्षिणेच्या पाहणीस धाडले. अहवाल देऊन तो स्वस्थ बसला नाही. ४ डिसेंबर १८६७ रोजी सहकाऱ्यांसह त्याने वॉशिंग्टनमध्ये ‘ग्रेंज’ ही शेतकरी संघटना स्थापन केली. (फायलींच्या राजधानीत असेही घडते!)

गावोगावच्या शाखांनाही ग्रेंजच म्हणत. तेथे सहभोजन होई, बियाण्यांची चर्चा होई, अवजारांची एकत्रित खरेदी होई. स्त्रियांना तेथे आरंभापासून मताधिकार होता. देशाने तो त्यांना १९२० मध्ये दिला. पक्षीय राजकारणास मात्र मज्जाव होता. १८७४ च्या जाहीरनाम्याने उमेदवार उभे करण्यासही मनाई केली.

तरीही रेल्वेभाडे आणि धान्यकोठारांचे दर यांवर मध्य-पश्चिमेतील राज्यांनी जे निर्बंध आणले, त्यांना ‘ग्रेंजर कायदे’ हेच नाव पडले. लोकहिताशी निगडित खासगी व्यवसायाचे नियमन सरकार करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये शिकागोच्या कोठारमालकांच्या खटल्यात मान्य केले. तोवर संघटनेला ओहोटी लागली होती. न झेपणारे व्यापार अंगावर घेतल्याचा तो परिणाम. सभागृहे मात्र टिकली.

दिल्लीच्या सीमांवर २०२०-२१ मध्ये ठाण मांडलेल्या शेतकरी संघटनांनीही पक्षनेत्यांना व्यासपीठापासून दूर ठेवले होते. संसदेने तिन्ही कृषी कायदे रद्द केले. त्यानंतर पंजाबमधील काही संघटना २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत स्वतःच मोर्चा बांधून उतरल्या. त्या मोर्चाच्या पदरी एकही जागा पडली नाही.