भाड्यासाठी दुसरं घर घ्यायचंय, पण पैसा कुठून आणायचा?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. गृहकर्जं थोडी स्वस्त झाली आणि मुंब्रा, मीरा रोड, भिवंडी, कोंढवा अशा आपल्या वस्त्यांत एजंट लोकांचं जुनं वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागलं : "दुसरा फ्लॅट घेऊन टाका, हप्ता भाडेकरू भरेल." सौदीहून कायमचे परतलेले भाई असोत की नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी, हातात आठ-दहा लाख आले की पहिला विचार घराचाच येतो. भाड्याचं उत्पन्न हलाल आहे याबद्दल कुणाचं दुमत नाही. प्रश्न आहे तो घर घेण्यासाठी लागणाऱ्या पैशाचा, आणि त्यावर आपल्याकडे मोकळेपणाने बोललं जात नाही.

आधी हिशोब पाहू. समजा फ्लॅट ४० लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे ३२ लाख. उरलेले ८ लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक किमतीत धरत नाही. महापालिका हद्दीत ७ टक्के शुल्क असेल तर २ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, हेही खिशातूनच. ८ टक्के दराने २० वर्षांसाठी हप्ता येतो महिन्याला साधारण २६ हजार ७५० रुपये. आता भाडं बघा. आपल्या शहरांत निवासी घराचं वर्षाचं भाडं साधारणपणे किमतीच्या २ ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं. ३ टक्के धरले तर महिन्याला १० हजार. म्हणजे भाडेकरू हप्ता भरत नाही, निम्म्याहून जास्त हप्ता आपणच भरतो. पहिल्या वर्षी बँकेला जाणारं नुसतं व्याजच अडीच लाखांच्या वर असतं आणि भाडं येतं १ लाख २० हजार, तेही घर एक महिनाही रिकामं राहिलं नाही तर! सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी वेगळी. वीस वर्षांत ३२ लाखांवर आणखी ३२ लाख व्याजाचे जातात.

एजंट यावर म्हणतो की घराची किंमत वाढेल. वाढेलही. पण मग तो भाड्याचा धंदा राहिला नाही, किंमत वाढण्यावर लावलेली बाजी झाली, आणि तीही कर्ज काढून. कर वाचेल हा युक्तिवादही आता अर्धाच उरलाय. नव्या करप्रणालीत भाड्यातून व्याज वजा होतं, पण त्यातून दिसणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीतही ती सवलत वर्षाला २ लाखांपर्यंतच आहे.

आता दीनी बाजू. घरासाठी व्याजी कर्ज चालतं असं सांगणारे लोक अनेकदा युरोपच्या फतव्याचा दाखला देतात. युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चने १९९९ मध्ये तशी सवलत दिली होती हे खरं आहे. पण तिच्या अटी कुणी सांगत नाही. घर स्वतःच्या कुटुंबाला राहण्यासाठी हवं, दुसरं घर नसावं, आणि ते घेता येईल एवढी जादा मालमत्ताही जवळ नसावी. आपल्याकडच्या अनेक उलेमांना तर तेवढीही सवलत मान्य नाही. भाड्याने देण्यासाठी घेतलेला दुसरा फ्लॅट यातल्या एकाही अटीत बसत नाही. तेव्हा त्या फतव्याच्या आडोशाला कुणी उभं राहू नये.

बँक नको म्हणून आपल्याकडे जो मार्ग सर्रास वापरला जातो तो म्हणजे हेवी डिपॉझिट. भाडेकरूकडून एकरकमी आठ-दहा लाख घ्यायचे, भाडं शून्य किंवा नावापुरतं, आणि ती रक्कम पुढच्या फ्लॅटच्या बुकिंगला लावायची. मालकाला बिनव्याजी भांडवल, भाडेकरूला फुकट घर, दोघंही खूश. पण ही रक्कम परत करायची असते आणि मालक ती वापरतो, म्हणजे शरीयतच्या भाषेत ते कर्जच. कर्जाच्या बदल्यात घराचा वापर मिळतो, म्हणून बहुतेक मुफ्ती याला व्याजाचाच प्रकार मानतात. गंमत म्हणजे सरकारचंही मत फारसं वेगळं नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क ठरवताना परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के रक्कम भाड्यातच धरली जाते. आठ लाखांच्या डिपॉझिटवर वर्षाला ८० हजार भाडं, असं सरकार मोजतं.

व्यवहाराच्या अंगानेही हा मार्ग निसरडा आहे. करार संपला, भाडेकरू निघाला, आणि पैसे तर दुसऱ्या इमारतीच्या स्लॅबमध्ये अडकलेले. मग नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून जुन्याचं भागवायचं. जोवर डिपॉझिटचे दर चढते आहेत तोवर साखळी चालते. दक्षिण कोरियात हीच पद्धत ‘जॉन्से’ नावाने देशभर चालते. तिथे घरांच्या किमती उतरल्या तेव्हा हजारो भाडेकरूंचे पैसे बुडाले, त्यांच्यापैकी काहींनी आत्महत्या केल्या, आणि २०२३ मध्ये संसदेला त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला. आपल्याकडे तर असे कितीतरी व्यवहार साध्या नोटरीवर होतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करणं आणि नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरा मार्ग ‘हलाल इन्व्हेस्टमेंट’ नावाच्या कंपन्यांचा. थोडं भांडवल आमच्याकडे ठेवा, ते वाढवू, मग घर घ्या. बेंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी जून २०१९ मध्ये बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची जमापुंजी गेली. त्यात मुलींच्या लग्नाचे पैसे होते, मेहेरचे होते. नफा कुठल्या धंद्यातून येतो हे विचारलं तर सरळ उत्तर मिळत नसेल, तर दाढी-टोपी पाहून पैसे देऊ नयेत. एवढं बोलायला हवं.

खरं तर दुनियेत यावर बरा उपाय आहे. बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात, ग्राहक बँकेच्या हिश्श्याचं भाडं देतो आणि हळूहळू तो हिस्सा विकत घेतो. याला घटती भागीदारी म्हणतात. ब्रिटनमध्ये अशा व्यवहारात मुद्रांक शुल्क दोनदा लागायचं, ते २००३ मध्ये कायदा बदलून थांबवलं गेलं. आपल्या देशात रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. म्हणून इथे बँकेच्या जागी भाऊ-बहीणच भागीदार होऊ शकतात, आणि नवख्या माणसाला सध्या तोच मार्ग जास्त झेपणारा आहे असं आम्हाला वाटतं.

तीन घरांतून प्रत्येकी सात-आठ लाख आले तर ४० लाखांचा फ्लॅट नाही येणार, पण लहान शहरात वन आरके किंवा छोटा दुकानगाळा येऊ शकतो. गाळ्याचं भाडं किमतीच्या मानाने सहसा घरापेक्षा जास्त असतं, मात्र रिकामा राहिला तर लवकर भाडेकरू मिळत नाही. भागीदारीत तोंडी भरवशावर राहू नका. सगळ्यांची नावं आणि प्रत्येकाचा टक्का खरेदीखतातच लिहा. हिस्से ठरलेले असले की भाड्यावरचा कर ज्याचा त्याला वेगळा लागतो, आणि उद्या कुणाचा इंतकाल झाला तर वारसांना त्याच्या हिश्श्याची वाटणी करताना भांडणं होत नाहीत. बहिणींची नावं गाळू नका. फक्त महिलांच्याच नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे. पण ही सूट मिळावी म्हणून पैसे भावाचे आणि नाव बहिणीचं असं करू नका, कागदावर मालक तीच होईल.

आणि रोख पैसे आहेत म्हणून बँक ज्या इमारतीला कर्ज देत नाही तिथे घर घेऊ नका. आपल्या वस्त्यांत स्वस्त मिळणारे बरेच फ्लॅट अशाच इमारतींत आहेत. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आधी मागा. इमारत बांधली जात असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा, आणि करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे बिल्डरला तो घेताच येत नाही.