दिलेल्या वस्तूची चोरी

जी वस्तू आपण देऊन टाकली, ती चोरीला जाऊ शकते काय? प्रश्न प्रथमदर्शनी शाब्दिक कसरतीचा वाटेल. परंतु इंग्लंडच्या उच्च न्यायालयाला २०१० साली तो गांभीर्याने सोडवावा लागला. एका धर्मादाय संस्थेच्या बंद दुकानाबाहेर दात्यांनी ठेवून दिलेल्या पिशव्या एका माणसाने उचलल्या, आणि दुसऱ्या एका संस्थेच्या दुकानामागील पेटीतूनही काही पिशव्या घेतल्या, असा आरोप होता. मूळ प्रकरण एसेक्स परगण्यातील बॅसिल्डनच्या कनिष्ठ न्यायालयातले. बचावाचा आशय असा की, या टाकून दिलेल्या वस्तू होत्या. ज्या वस्तूला धनी नाही, तिची चोरी कशी होणार?

न्यायालयाला हे पटले नाही. पिशवी ठेवून जाणारा माणूस ती टाकून देत नसतो. त्याला ती एका विशिष्ट संस्थेलाच द्यायची असते. संस्थेने ती ताब्यात घेतली की दान पूर्ण होते. तोवर ती पिशवी दात्याचीच राहते. पेटीत गेलेली पिशवी मात्र संस्थेच्या ताब्यात आलेली असते. म्हणजे एका जागी दात्याची चोरी झाली, दुसऱ्या जागी संस्थेची. पण धनी नाही असा क्षण मध्ये कोठेच नव्हता.

कायदा म्हणून हा निर्णय योग्यच आहे. आम्हां साहित्याच्या शिक्षकांना त्यात कुतूहल वाटते ते निराळ्या कारणाने. मार्सेल मोस या फ्रेंच विचारवंताने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश उरतोच, असे अनेक समाजांच्या आधारे मांडले. आधुनिक न्यायालयही काही पावले त्याच वाटेने चालले. पण मोसच्या विवेचनात देणारा आहे, तसा घेणारा आणि परतफेड करणाराही आहे. निकालात देणारा आहे, संस्था आहे, चोर आहे. जो तो सदरा अखेर अंगात घालणार, तो कोठेच नाही. तो निकालात नसणे स्वाभाविक आहे. पण तो त्या पेटीच्या सगळ्या व्यवहारातूनच दिसेनासा झाला आहे, आणि या चोरीविषयी बोलताना आम्हांला सांगायचे आहे ते नेमके हेच.

चोरीचे स्वरूप आधी पाहावे. ब्रिटनमध्ये बाजारांच्या वाहनतळांवर, शाळांच्या आवारात धर्मादाय संस्थांच्या नावाच्या लोखंडी पेट्या उभ्या असतात. जुन्या कपड्यांचा भाव टनावर ठरतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत हा भाव चढला, तशा चोऱ्याही वाढल्या. कुलपे कापणे, अख्खी पेटीच वाहनात घालून नेणे, बनावट संस्थेच्या नावाच्या पिशव्या घरोघर वाटून त्या भरल्या की गोळा करणे, असे तिचे प्रकार. ही भुकेल्याची चोरी नव्हे, हा संघटित धंदा आहे. यात बुडतो तो कर्करोगाच्या संशोधनासाठी, आजारी मुलांच्या शुश्रूषेसाठी उभा राहणारा पैसा. या चोरांविषयी आम्हांला यत्किंचितही सहानुभूती नाही.

परंतु या चोरलेल्या सदऱ्याचे पुढे काय होते? तो गोदामात जातो, प्रतीनुसार निवडला जातो, त्याचे गठ्ठे बांधले जातात आणि तो पूर्व युरोपात किंवा आफ्रिकेत विकला जातो. न चोरलेल्या सदऱ्याचे काय होते? थोडे कपडे संस्थेच्या दुकानात विकले जातात. बहुतेकांची वाट वरच्यासारखीच. अनेक पेट्या तर व्यापारी कंपन्याच चालवतात आणि संस्थेला तिच्या नावाच्या मोबदल्यात टनामागे ठरलेली रक्कम देतात. घानामधील आक्रा शहराच्या कांटामांटो बाजारात जो माणूस तो सदरा विकत घेतो, त्याच्या दृष्टीने दोहोंत काहीच फरक नाही. त्याला दोन्ही वेळा पैसेच मोजावे लागतात. तेथे या कपड्यांना जे नाव आहे, त्याचा अर्थ 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' असा सांगतात. इतके धडधाकट कपडे जिवंत माणूस कशाला देऊन टाकील, ही त्यामागची समजूत. त्या भाषेने दात्याला आपल्या परीने ओळखले. दात्याच्या भाषेत मात्र घेणाऱ्यासाठी 'गरजू' या पुसट शब्दापलीकडे काही नाही.

या व्यापाराचा एक फाटा आपल्याकडेही येतो. वापरलेले परदेशी कपडे देशात सर्रास विकायला आणण्यावर निर्बंध आहेत. म्हणून कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात ते निवडून बव्हंशी परत बाहेर पाठवले जातात, आणि फाडून चिंध्या केलेले लोकरी कपडे पानिपतला पोचतात. तेथे वर्षानुवर्षे त्या चिंध्या पिंजून, पुन्हा सूत कातून स्वस्त ब्लँकेटे विणली गेली आणि आपत्तिग्रस्तांना वाटण्यासाठी मदतसंस्थांनी ती विकत घेतली. लंडनच्या दात्याचा स्वेटर थंडीने कुडकुडणाऱ्या माणसापर्यंत पोचला खरा. पण दान म्हणून नव्हे, तीन-चार वेळा विकला जाऊन.

येथवर फसवणूक केवळ कल्पनेची आहे, असे म्हणता येईल. कॅनडात ती जिवावर बेतली. चोरी होऊ नये म्हणून पेट्यांच्या तोंडाशी आत वळणारी जड झडप बसवलेली असते: कपडा आत जातो, हात बाहेर येत नाही. २०१५ ते २०१९ च्या आरंभापर्यंत त्या देशात किमान सात माणसे अशा झडपांत अडकून मेली. त्यांतली कित्येक बेघर होती. त्यानंतर काही शहरांनी पेट्या बंद केल्या, काही संस्थांनी झडपा बदलायला घेतल्या. गरजूंसाठी मांडलेल्या पेटीने गरजूलाच चोर समजून धरावे, आणि सोडू नये! एखाद्या कथाकाराने हा प्रसंग योजला असता, तर प्रतीक फार उघड झाले म्हणून आम्हीच त्याला वर्गात नावे ठेवली असती.

दूरदेशीचे दाखले देऊन नामानिराळे राहणे आम्हांस शोभणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा आमच्या महाविद्यालयानेही कपडे गोळा केले. जिमखान्याच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग झाला. निवड करण्यासाठी जी समिती नेमली, तिच्यात आम्ही होतो. कंत्राटी सफाई कामगार असलेल्या एक मावशी त्या ढिगातून मुलीचे दोन फ्रॉक आणि एक स्वेटर पिशवीत घालून नेताना फाटकाशी सापडल्या. ते पूरग्रस्तांचे कपडे आहेत, असे त्यांना सुनावण्यात आले. त्या म्हणाल्या, "सर, एवढं पडलंय, मला वाटलं मागितलं तर नाही म्हणाल." दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर दिसल्या नाहीत. घडल्या प्रकाराच्या टिपणावर आम्ही सह्या केल्या होत्या. टिपणात 'चोरी' हा शब्द होता, आणि शब्दांच्या छटा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हांपैकी एकानेही त्या शब्दाला हरकत घेतली नाही.

कपड्यांचे दोन टेम्पो गेले. पूरग्रस्त भागातून पुढे निरोप आला की, कपडे पुष्कळ झाले, आता पाठवू नका. उरलेला ढीग त्याच खोलीत पडून राहिला. पुढच्या पावसाळ्यात त्याला बुरशी आली आणि तो कचऱ्याच्या गाडीत गेला. त्यावर कोणी टिपण लिहिले नाही.

मग चोरी माफ करावी काय, असे आमचे काही सहकारी विचारतील. त्यांचा आक्षेप रास्त आहे. ढिगातून ज्याने त्याने उचलायचे ठरले, तर दांडगा आधी उचलील आणि दुबळा मागे राहील. इराणमधील मशहद शहरात २०१५ मध्ये गाजलेल्या 'दयेच्या भिंती'च्या धर्तीवर आपल्याकडेही कोल्हापूरसह अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. नको असेल ते ठेवा, हवे असेल ते घ्या, एवढाच तिचा नियम. तेथूनही कोणी गाठोडे बांधून नेऊन विकील, ही भीती खोटी नाही. राखण हवी, हिशेबही हवा. आमचे म्हणणे इतकेच की, टोळी करून पेटी पळवणारा आणि थंडीत तिच्यात हात घालणारा या दोघांना एकच शब्द लावणे हे भाषेचे दारिद्र्य आहे. आणि भाषेचे दारिद्र्य टिपणातून, नियमातून, झडपेतून माणसाच्या अंगावर येते.

आपल्या परंपरेने या जागी अधिक सूक्ष्म विचार केलेला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना देश, काळ आणि पात्र यांचा विचार येतो. 'पात्र' या शब्दाचा वापर पुढे घेणाऱ्याची लायकी तपासण्यासाठीच अधिक झाला, हे खरे. पण निदान घेणारा कोणीतरी समोर असतो, हे त्यात गृहीत होते. नामदेवांची आख्यायिका त्याहून पुढे जाते. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. चोरी आणि दान यांतले अंतर तेथे घेणाऱ्याने नाही, देणाऱ्याने ओलांडले. आमच्याजवळ त्या दिवशी ढीगभर तूप होते, आणि आम्ही काठी घेऊन फाटकाशी उभे होतो.

बोहारीण दारी येई, तेव्हा आमच्या आया जुन्या लुगड्यांवरून तिच्याशी तासभर घासाघीस करीत. त्यात दान नव्हते, पुण्य नव्हते. एक पातेले आणि चार कपडे होते. पण कपडा कोण नेते आहे, हे दिसत होते, आणि "एवढ्यात नाही जमायचं ताई" असे म्हणायची तिला मुभा होती. त्या व्यवहाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिचे जिणे खडतरच होते. तरीही पेटीने काय हिरावले, हे तिच्या आठवणीने कळते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कपडे गोळा करणाऱ्याने ते कोठे जाणार, विकले जाणार की वाटले जाणार, हे पेटीवर स्पष्ट लिहावे. माणूस अडकेल अशी झडप कोणीही बसवू नये. आणि आमच्यासारख्या संस्थांनी ढीग रचण्यापूर्वी आपल्याच आवारात झाडू मारणाऱ्यांना विचारावे, तुम्हांला यातले काही हवे आहे का? हा प्रश्न २०१९ मध्ये आम्ही विचारला असता, तर दोन फ्रॉक आणि एक स्वेटर यांची चोरी झालीच नसती.