जेसीबीच्या आधी चाळणी

भिवंडीत नवे गोदाम उभे राहायचे म्हणजे आधी जेसीबी येतो आणि माळ सपाट होतो. त्या मातीत काय होते, कुणी पाहत नाही.

पाहायला हवे. कांदिवलीत १९३०च्या दशकात नौदल अधिकारी टॉड यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. आज तिथे दाट वस्ती आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३मध्ये उत्खनन केले. कॅल्सेडोनी आणि जास्परची चिमुकली पाती निघाली, पण दगडाचे वय कार्बन पद्धतीने कळत नाही. त्याच थरात शहामृगाच्या अंड्याचे कवच होते आणि त्याचे वय या पद्धतीने कळते, म्हणून सुमारे २५ हजार वर्षे हा आकडा हाती आला. थर विस्कटला, की तेच पाते नुसता खडा!

बांधकाम परवान्याआधी पुरातत्त्व पाहणी सक्तीचीच करावी. सुरुवातीला दोन जाणकार आणि एक चाळणीही पुरे.