दोन घरांचे एक मूल

दत्तक ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. थोरल्या भावास अपत्य नसेल तर धाकट्याचा मुलगा त्याच्या ओटीत घालावा, बहिणीची कूस रिकामी राहिली तर आपली दुसरी मुलगी तिला द्यावी, हे पेढ्या-दुकाने चालविणाऱ्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अशा दत्तकात मूल जन्मदात्यांपासून फार दूर जात नाही. दोन्ही घरे एकाच वाड्यात, फार तर पलीकडच्या गल्लीत नांदत असतात. पाश्चात्त्य देशांत ज्याला ‘ओपन अ‍ॅडॉप्शन’ म्हणतात, म्हणजे दत्तकविधानानंतरही मुलाचा जन्मदात्यांशी परिचय व संपर्क राखणे, ते आपण नाव न देता पूर्वीपासूनच करीत आलो आहोत, असे कोणी म्हटल्यास ते प्रथमदर्शनी पटण्याजोगे आहे.

मला मात्र ते अर्धेच पटते. आपल्याकडे भेटीगाठी भरपूर होत्या, पण भेटणारी व्यक्ती आपली कोण, हे मुलाला सांगितलेले नसे. जन्म देणारी ‘काकू’ झाली, वाढविणारी ‘आई’ झाली आणि घरातील वडीलधाऱ्यांनी शपथ घेतल्याप्रमाणे मौन पाळले. मग मुलाला ते कळे एखाद्या लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या वृद्ध आत्याबाईंच्या तोंडून. (अशी एक आत्या प्रत्येक घराण्यात असतेच.) जी गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती ती एकट्या आपल्यालाच ठाऊक नव्हती, ही जाणीव त्या वयात फार बोचते.

अमेरिकेत हॅरोल्ड ग्रोटेव्हंट व रूथ मॅकरॉय या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात मिनेसोटा व टेक्सास यांच्या नावाने ओळखला जाणारा एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. १९० दत्तक कुटुंबे व १६९ जन्मदात्या माता त्यात होत्या. दोन आयांना ओळखणारे मूल गोंधळून जाईल, ही सर्वसाधारण भीती त्यात खरी ठरली नाही. ‘ती येऊन मूल परत मागेल’ हे भय तर संपर्क असलेल्या कुटुंबांत अधिक नव्हे, उलट कमीच आढळले. विचार केल्यास यात नवल नाही. जिचा चेहरा आपण पाहिला आहे, जिच्याशी चार शब्द बोललो आहोत, तिच्याविषयी मनात भुते उभी राहत नाहीत.

परंतु या सर्व चर्चेत मूल आणि घेणारे आईवडील यांचाच विचार अधिक होतो. देणाऱ्या मातेचे काय? पर्युषणात स्थानकात अंतगड सूत्राचे वाचन होते तेव्हा देवकीचा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. तिचे सहा पुत्र सुलसेच्या घरी वाढले. पुढे तेच मुनी होऊन गोचरीसाठी तिच्या दारी आले, तरी ते आपले पुत्र आहेत हे तिला ठाऊक नव्हते. अर्हत अरिष्टनेमींनी ते सांगितले तेव्हा तिला पान्हा फुटला. नंतर महालात परतून ती शोक करते की, सात पुत्रांना जन्म देऊनही एकाचेही बालपण मला लाभले नाही, आणि कृष्णही वंदनासाठी येतो तो सहा-सहा महिन्यांनी. सुलसेवर तेथे कोणताही दोषारोप नाही. कोणी मूल परत मागत नाही. केवळ एका मातेचे दुःख आहे आणि ते ऐकून घेतले आहे. कृष्णही आईला ‘आता त्याचे काय’ असे म्हणत नाही.

आपल्या घरांत मात्र देणारीला ‘तुला आणखी दोन आहेतच की’ असे म्हणून गप्प केले गेले. डोळ्यांसमोर वाढणाऱ्या मुलाने आपल्याला काकू म्हणून हाक मारावी आणि आपण तिला ‘ओ’ द्यावी, हे तिने वर्षानुवर्षे कसे केले असेल, हे तिला विचारल्याचे मी कोणत्याही घरात ऐकलेले नाही.

कायद्याची बाजूही वाचकांनी नीट समजून घ्यावी. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून जन्मकुटुंबाशी असलेले मुलाचे कायदेशीर संबंध संपतात. मात्र त्या कुटुंबात जेथे विवाह निषिद्ध होता तो निषेध कायम राहतो आणि दत्तकापूर्वी मुलाला मिळालेली मालमत्ता त्याच्याकडेच राहते. कलम १५ प्रमाणे वैध दत्तक रद्द करता येत नाही. जुन्या धर्मशास्त्रात ‘द्व्यामुष्यायण’ नावाचा एक प्रकार होता, ज्यात मुलगा दोन्ही पित्यांचा मानला जाई. आजच्या कायद्यात त्याला स्थान उरलेले नाही.

याचा परिणाम मी बँकेच्या खिडकीच्या आतून पाहिला आहे. एका तालुक्याच्या शाखेत असताना पन्नाशीचे एक व्यापारी माझ्यासमोर येऊन बसले. चौथ्या वर्षी ते चुलत्यांकडे दत्तक गेले होते. जन्मदात्या वडिलांच्या अखेरच्या आजारपणात दोन वर्षे सेवा त्यांनीच केली. वडिलांच्या ठेवींसाठी वारसांचे कागद तयार होत होते आणि त्यांत त्यांचे नाव नव्हते. ते म्हणाले, “साहेब, मला एक पैसा नको. पण या यादीत मी कोणीच नाही, हे वाचवत नाही.” सख्खे भाऊ शेजारी मान खाली घालून बसले होते. कायद्यापुढे माझा इलाज नव्हता. वडिलांनी मृत्युपत्र केले असते तर त्यात या मुलाचे नाव घालण्यास कोणताही कायदा आड आला नसता. केवळ नॉमिनी नेमून मात्र हे साधत नाही. नॉमिनीला रक्कम मिळते ती वारसांच्या वतीने, हे पुष्कळांना अद्याप ठाऊक नसते.

संस्थेमार्फत दत्तक घेणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. तेथे मूल सोपविणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. त्यानंतर त्यांचा संबंध संपतो आणि पुढील संपर्काची तरतूद आपल्या कायद्यात नाही. दत्तक व्यक्तीला मात्र आपले मूळ शोधण्याचा मार्ग २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ती स्वतः अर्ज करू शकते आणि त्यापूर्वी दत्तक आईवडिलांसह करू शकते. जन्मदात्यांनी गुप्तता मागितली असल्यास त्यांची संमती घ्यावी लागते. त्रयस्थाला असा शोध घेता येत नाही. म्हणून संस्थेकडून मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवावा आणि मुलाला कळू लागल्यापासून ते दत्तक असल्याचे सांगत जावे.

नात्यातल्या दत्तकासाठी माझी सूचना अशी की, नोंदणीकृत दत्तकपत्राबरोबरच दोन्ही घरांनी एकत्र बसून साध्या कागदावर एक टिपण करावे. मुलाला खरे कोणी व कोणत्या वयात सांगायचे, ते कोणाला काय म्हणून हाक मारील, सुट्टीत किती दिवस कोठे राहील, जन्मकुटुंबात मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, हे सारे त्यात यावे. शाळा, शिस्त आणि खर्च यांविषयी अंतिम शब्द दत्तक आईवडिलांचा, हेही स्पष्ट लिहावे, कारण पुढे बिनसते ते बहुधा येथेच. हे टिपण न्यायालयात चालणार नाही. त्याची प्रत दोन्ही घरी असावी आणि मूल मोठे झाल्यावर त्याने मागितल्यास त्याच्या हाती द्यावी. लग्नपत्रिकेवर कोणाची नावे छापायची, हा प्रश्न मात्र मी टिपणात घालणार नाही. तो त्या मुलाला किंवा मुलीला विचारावा.