नापास कोण?

दहावीचा निकाल लागला की बेळगावात कुंदा वाटला जातो, चौकाचौकांत गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक झळकतात आणि शिकवणीवर्गांच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरून जातात. त्याच दिवशी काही घरांची दारे दिवसभर लोटलेली राहतात. आत एखादे मूल बसलेले असते. त्याच्याशी सकाळपासून कोणी बोललेले नसते, किंवा जे बोलले गेले ते न बोललेलेच बरे, असे असते. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते त्या लोटलेल्या दारांविषयी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते, १,७६४. हा आकडा वाचून कोणत्या मराठी माणसाची मान खाली जाणार नाही? त्याच वर्षी दोन हजारांहून अधिक मृत्यूंपुढे ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण नोंदले गेले. वास्तविक केवळ एका परीक्षेपायी कोणी जीव देत नाही. त्यामागे महिनोन्‌महिने साठत आलेले बरेच काही असते. पण सरकारी कागदावर त्याला रकाना नसतो.

ते साठत असताना आपण काय पाहतो? गुण पाहतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत शेकडा सुमारे सात जणांस मानसिक विकार आढळला. म्हणजे पन्नासांच्या वर्गात तीन-चार मुले झाली. या वयात खिन्नता रडूनच प्रकट होते असे नाही. मूल चिडते, उलट उत्तरे देते, रात्री जागते व सकाळी उठत नाही. पोट दुखते, डोके दुखते. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. एकच पान चार वेळा वाचूनही ध्यानात राहत नाही. घरात याला आळस म्हणतात, शाळेत मस्ती म्हणतात. आधी मन खचते, मग गुण घसरतात आणि त्या गुणांचा मार पुन्हा त्या खचलेल्या मनावरच पडतो. आमच्या मुलांच्या वाट्याला आणखी एक फेरा येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला, वर्गात पहिल्या पाचांत असलेला मुलगा अकरावीच्या विज्ञान शाखेत एकाएकी इंग्रजीत बुडतो आणि आपली बुद्धीच गेली असे समजून बसतो. त्याची बुद्धी जागेवरच असते, हे त्याला सांगावयाचे कोणी?

शिक्षकांनी, असे उत्तर सहज येईल. गोव्यात उभ्या राहिलेल्या, मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या एका संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी शाळांत हेच पडताळून पाहिले. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांच्या हाती दिला, काहींत याच कामासाठी नेमलेल्या समुपदेशकाच्या हाती. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. थोडे प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. त्यांच्या शाळांत मुलांची खिन्नता घटली, दांडगाई घटली, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. शिक्षकांस आम्ही दोष देत नाही. अध्यापन, तपासणी, जनगणना, निवडणूक इतके ओझे वाहणाऱ्याने आणखी किती वाहावे? शिवाय जो गुण देतो त्याच्यापाशी मूल मन कसे मोकळे करील?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये याविषयी स्पष्ट निर्देश दिले आहेत. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत त्यांस लाजविणे आणि त्यांच्या आवाक्याबाहेरची उद्दिष्टे लादणे टाळावे, असेही त्यांत आहे. शेवटच्या बाकावर ‘ढ’ मुलांची रांग लावणाऱ्या थोर संस्थांनी हे पुन्हा एकदा वाचावे!

आता समुपदेशक नेमावयाचा तर तो मुलाची भाषा जाणणारा हवा. पोरगे आपले दुःख सांगेल ते मराठीत सांगेल. दुभाष्या मध्ये बसवून मनातले बोलता येत नाही. सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मिळते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिण्यास खडूपलीकडे काय खर्च येतो?

पालकांनी येत्या पालकसभेत गुणांची चौकशी करण्यापूर्वी मुख्याध्यापकांस विचारावे, ‘आमच्या शाळेचा समुपदेशक कोण, तो आठवड्यातून किती दिवस येतो आणि कोणत्या भाषेत बोलतो?’ उत्तर मिळाले नाही तर हाच प्रश्न लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे धाडावी.